लहान चणीचा ऑलिम्पिकवीर : खाशाबा जाधव

कुस्ती आणि मुष्टियुद्धाच्या स्पर्धेचा दिवस वजनकाट्यापासून सुरू होतो. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात असो किंवा अकोल्यात वसंत देसाई क्रीडांगणावर, भल्या सकाळी मुले रांग लावून उभी असतात. कोणी आदल्या रात्रीपासून उपाशी असतो, कोणी सकाळचा चहाही टाळलेला असतो. काट्यावर चढताना श्वास आपोआप रोखला जातो. शंभर ग्रॅमचे मोल किती असते, हे सर्वसामान्य वाचकाला २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकने कळले. तेथे तेवढ्याच जादा वजनापायी विनेश फोगटला अंतिम फेरीस मुकावे लागले. आखाड्यातल्या मुलांना मात्र ते मोल आधीपासून ठाऊक असते.

वजन गटांची व्यवस्था झाली ती जोड बरोबरीची व्हावी म्हणून. पण काटा सारखा आला, तरी अंगकाठी सारखी येत नाही. एकाच गटात एखादा बुटका, रुंद खांद्यांचा निघतो, तर दुसरा ताडासारखा उंच. मुष्टियुद्धात लांब हातांचा खेळाडू अंतर राखून ठोसे लगावतो आणि आखूड हातांच्या खेळाडूला ते ठोसे चुकवत आत शिरावे लागते. वेल्समधील कोळशाच्या खाणीत राबलेला जिमी वाइल्ड हा अशाच आत शिरणाऱ्यांपैकी एक होता. त्याचे वजन जेमतेम पन्नास किलोंच्या आत होते. जत्रेतल्या तंबूत आपल्याहून कितीतरी वजनदार गड्यांना लोळवत तो पुढे आला आणि १९१६ ते १९२३ या काळात फ्लायवेट गटाचा जगज्जेता राहिला. आपल्याकडे साडेपाच फुटांहून थोड्याशाच उंच असलेल्या गामा पहिलवानाने जवळजवळ सात फुटी रहीमबख्श सुलतानीवाल्याशी घेतलेल्या झुंजींच्या कथा जुन्या तालमींतून अजून ऐकायला मिळतात.

महाराष्ट्रात अशा लहान चणीच्या खेळाडूंचे नाव काढले, की पहिले नाव येते ते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव यांचे. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य शासनाने २०२४ पासून राज्य क्रीडा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. अमरावती, अकोल्यातही त्या दिवशी त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात. त्या प्रतिमेत पदक गळ्यात घातलेला एक सडसडीत तरुण दिसतो. त्या पदकापर्यंत पोहोचताना त्याला कोणाकोणाशी झुंजावे लागले, ते चित्रात दिसत नाही. गादीवरचे प्रतिस्पर्धी त्यांतले निम्मेच होते.

खाशाबांचा जन्म १९२६ सालचा. सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील गोळेश्वर हे त्यांचे गाव. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले मल्ल होते आणि पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. घरात कुस्तीखेरीज दुसरा विषय नसे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. शेतीची कामे, विहिरीत पोहणे, धावणे आणि संध्याकाळी लाल माती, असा त्या काळच्या कृष्णाकाठच्या मुलांचा दिनक्रम असे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. ती वर्षे साध्यासुध्या विद्यार्थिदशेची नव्हती. १९४२ च्या चळवळीने सातारा जिल्हा पेटला होता, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगावी इंग्रजी सत्तेला आव्हान दिले होते. भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनीही केली. पुढे हाच मुलगा पोलीस खात्यात अधिकारी झाला. काळाचे असे फेरे त्या पिढीतल्या अनेकांनी पाहिले.

शालेय शिक्षण आटोपून ते कोल्हापूरला आले आणि राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी देशभरातल्या मल्लांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या, खासबागेचे मैदान बांधले. तेथील प्रेक्षकांना कुस्ती नुसती बघता येत नाही, ती कळते. अशा शहरात मल्ल म्हणून उभे राहायचे, तर शरीर तसे लागते, अशी लोकांची समजूत होती. आडदांड छाती, जाड मान, मांड्यांचे खांब. खाशाबा या समजुतीत कुठेच बसत नव्हते. त्यांची उंची पाच फूट पाच इंच आणि अंगही भरलेले नव्हते. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडासंमेलनात कुस्तीसाठी नाव नोंदवायला ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि नाव घेण्यास नकार दिला.

आता त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे. हा काटकुळा मुलगा कोणाच्या तरी अंगाखाली सापडून हातपाय मोडून घेईल, अशी धास्ती त्यांना वाटली असेल तर ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. मातीच्या आखाड्यात जोड लावली जाई ती नजरेच्या अंदाजाने आणि त्या अंदाजात शरीराचे माप सर्वांत आधी येई. खाशाबा मात्र तेथून परतले नाहीत. ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली. संमेलनात खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड, अनुभवी मल्लांना एकामागून एक चीत केले. त्या दिवशी प्राचार्य आणि विद्यार्थी यांच्यात जे नाते जुळले, ते पुढे किती दूरवर जाणार आहे, याची कल्पना दोघांनाही नसावी.

बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली खाशाबांची कुस्ती घडली. शक्तीच्या जोरावर समोरच्याला रेटायचे, तर त्यांच्याकडे तेवढी शक्ती नव्हती. म्हणून त्यांनी भिस्त ठेवली ती चपळाईवर आणि डावांवर. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. या डावात मल्ल प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात आपल्या काखेत घट्ट आवळतो, क्षणात आपली कंबर त्याच्या कमरेखाली नेतो आणि वळता वळता त्याला पाठीवरून जमिनीवर फेकतो. ढाक लागला, की समोरच्याचे वजनच त्याचा घात करते. तो जितका उंच, जितका जड, तितका वेगाने खाली येतो. बुटक्या मल्लाला आत शिरायला फारसे वाकावे लागत नाही, हेही त्यात येतेच. तालमीतल्या जाणत्या वस्तादांना हे गणित पाठ असते. खाशाबांनी ते इतके आत्मसात केले, की ढाक लागण्याआधी प्रतिस्पर्ध्याला त्याची चाहूलही लागत नसे. या वेगामुळेच पुढे इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव दिले.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. दुसऱ्या महायुद्धामुळे मधल्या दोन स्पर्धा झाल्याच नव्हत्या. स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिम्पिक. ऑलिम्पिकची ओळख तोवर महाराष्ट्राला नव्हती असे नाही. १९३६ मध्ये बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या या आखाड्याचे नाव त्यामुळे सातासमुद्रापार गेले. पण प्रात्यक्षिक वेगळे आणि पदकासाठीची झुंज वेगळी. खाशाबा लंडनला गेले ते झुंजण्यासाठी. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासखर्चाचा भार उचलला.

तेथे त्यांच्यापुढे पहिला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो म्हणजे गादी. आयुष्यभर मातीत कुस्ती खेळलेल्या माणसाला गादीवर पाय रोवणे किती अवघड जाते, हे आजही महाराष्ट्र केसरीच्या माती गटातून गादी गटाकडे वळणारे मल्ल सांगतील. माती पायाला धरते. तिच्यात घाम मुरतो, पकड टिकते. गादीवर पाय वेगळा पडतो, तोल वेगळा सांभाळावा लागतो. नियमही निराळे. मातीत निकाली कुस्ती, म्हणजे आस्मान दाखवेपर्यंत झुंज. गादीवर घड्याळ असते, गुण असतात, पंचांचे इशारे असतात आणि ते सारे परक्या भाषेत. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये खाशाबांना या नियमांचे आणि तंत्राचे धडे दिले. जे शिकायला युरोपातल्या मल्लांना वर्षे मिळाली होती, ते त्यांना काही दिवसांत उरकावे लागले.

तरीही ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच निष्प्रभ केले. अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांची वाट अडली. अखेर त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीवर नवख्या असलेल्या बावीस वर्षांच्या तरुणासाठी ते यश लहान नव्हते आणि भारतीय मल्लाने तोवर वैयक्तिक स्पर्धेत इतकी मजल क्वचितच मारली होती. खाशाबांना स्वतःला मात्र सहाव्या क्रमांकाचे समाधान नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी सराव वाढवला. पुढच्या वेळी त्यांनी गटही बदलला आणि ५७ किलोंच्या बँटमवेटमध्ये उतरायचे ठरवले. वजन वाढवायचे आणि चपळाई तशीच ठेवायची, हे बोलायला सोपे, करायला कठीण. हाडापेरांनी लहान असलेला माणूस वरच्या गटात गेला, की तेथे त्याला आपल्याहून थोराड मल्लच भेटतात. कधी कधी तेथपर्यंत पोहोचण्याआधीच घरची माणसे वाट अडवतात.

हेलसिंकीच्या निवडीत नेमके तेच घडले. बंगालचे निरंजन दास हे तेव्हा राष्ट्रीय पातळीवरचे नाणावलेले विजेते. त्यांची उंची जवळजवळ सहा फूट होती, असे सांगतात. लखनौला खाशाबांनी या उंच्यापुऱ्या मल्लाला दोन वेळा हरवले आणि तेही झटपट. तरीसुद्धा संघात त्यांचे नाव पक्के होईना. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला हेतुपुरस्सर एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावून गावची वाट धरली असती. खाशाबांनी पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग यांच्याकडे दाद मागितली. महाराज भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांना खेळाची जाण होती. त्यांनी पुन्हा चाचणी लावली. गादीवर समोर पुन्हा निरंजन दास होते. या वेळी खाशाबांनी त्यांना काही क्षणांतच चीत केले. निकालाबद्दल शंका घ्यायला कोणाला जागाच उरली नाही.

यात निरंजन दास यांचा काही दोष नव्हता. निवडीचा घोळ घालणारे हात दुसरेच होते आणि त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहिलेली नाहीत.

निवड झाली, पण पैसे नव्हते. आजच्या खेळाडूला विमानाचे तिकीट, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ असे सारे सरकारकडून आणि प्रायोजकांकडून मिळते. १९५२ साली खेळाडूने स्वतःच झोळी घेऊन फिरायचे होते. सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांनी गरज भागली नाही. मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडून स्पर्धा झाल्यावर भेटण्यास सांगण्यात आले, असा किस्सा कराड-कोल्हापूर भागात प्रसिद्ध आहे. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी, ओळखीपाळखीच्यांनी जमेल तसा हात लावला. तरी रक्कम पुरी होईना. अखेर प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

या सात हजारांकडे क्षणभर थांबून पाहायला हवे. ही रक्कम १९५२ सालची आहे. महाविद्यालयाच्या प्राचार्याचेही वेतन तेव्हा शेकड्यांत मोजले जाई. एका विद्यार्थ्याच्या परदेशप्रवासासाठी, जो प्रवास पदकावाचूनही संपू शकत होता, एका शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर पणाला लावले. त्यामुळे हेलसिंकीला उतरलेल्या खाशाबांच्या खांद्यावर देशाच्या अपेक्षेइतकेच कोल्हापुरातल्या एका घराचे ओझेही होते.

फिनलंडच्या राजधानीत जुलै महिन्यात सूर्य रात्री उशिरापर्यंत मावळत नाही. तेथल्या मेस्सुहाल्ली या प्रदर्शनगृहात कुस्तीचे सामने झाले. फ्रीस्टाइल गटात भारताचे पथक लहान होते. खाशाबांसोबत कोल्हापूरचेच केशव माणगावे होते. त्यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. पदक थोडक्यात हुकलेल्या या मल्लाची आठवण खाशाबांच्या कथेत नेहमी झाकोळून जाते.

खाशाबांनी सुरुवात जोरात केली. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला त्यांनी हरवले, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवले आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही नमवले. त्या काळी आजच्यासारखी बाद फेरी किंवा ब्राँझपदकाची वेगळी लढत नव्हती. हरलेल्या आणि अटीतटीने जिंकलेल्या लढतींसाठी वाईट गुण मिळत. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की मल्ल बाहेर पडे. गाळत गाळत शेवटी तिघे उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा.

इशी मुळातला ज्युदोपटू. युद्धानंतर जपानवर अमेरिकेचा अंमल बसला आणि ज्युदोवर बंदी आली, तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. त्याच्यासमोर खाशाबा उभे राहिले. दोघांची लढत सरळ पंधरा मिनिटांवर गेली. मातीतली निकाली कुस्ती असती, तर ती आणखी कितीही वेळ चालली असती. गुणांचा कौल इशीच्या बाजूने गेला. दमछाक झालेले खाशाबा गादीवरून उतरले आणि त्यानंतर जे घडले, त्याची हकिगत कराड-कोल्हापुरात गेली सत्तर वर्षे हळहळत सांगितली जाते. त्यांना लगेचच ममदबेयोव्हशी लढायला बोलावण्यात आले. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून हरकत घ्यायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. आपली बाजू परक्या भाषेत मांडणे थकलेल्या खाशाबांना शक्य नव्हते. ते पुन्हा गादीवर चढले आणि हरले.

ममदबेयोव्ह कसलेला मल्ल होता. सोव्हिएत संघ त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता आणि त्याची तयारी जय्यत होती. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदललाच असता, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. पण आपल्याहून मोठ्या मल्लांशी झुंजण्याची ज्याला लहानपणापासून सवय होती, त्या खाशाबांना ती लढत ताज्या दमाने खेळायला मिळायला हवी होती, एवढे नक्की. तीस मिनिटे, एक खुर्ची आणि नियमावर बोट ठेवणारा एक माणूस. त्या दिवशी तेवढेच कमी पडले.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबा जाधव यांच्या गळ्यात ब्राँझपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. इशीला सुवर्ण मिळाले आणि त्या स्पर्धेत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण ठरले. यावरून खाशाबांच्या गटाचा दर्जा ध्यानात यावा. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा सहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. त्यांतले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे होते. देशभर हॉकीचा जल्लोष झाला आणि कुस्तीचे ब्राँझ त्या जल्लोषात मागे पडले. हॉकीचे सुवर्ण त्या दिवसांत सवयीचे झाले होते आणि एकट्या माणसाचे पदक नवलाचे होते, तरी असे घडले.

गोळेश्वरला मात्र हॉकीचे सोयरसुतक नव्हते. आपला मल्ल परत येतो म्हटल्यावर पंचक्रोशी लोटली. ढोलताशांच्या गजरात १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, असे सांगितले जाते आणि एरवी काही मिनिटांच्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. सत्कार झाले, फेटे बांधले गेले. ही धामधूम ओसरल्यावर खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते कर्जफेडीचे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः उतरले, जिंकले आणि मिळालेले पैसे खर्डेकरांच्या हवाली केले. गुरूचे घर गहाणातून सुटले.

पुढच्या आयुष्याची कथा मात्र अशी सरळ नाही. १९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षी मेलबर्नला ऑलिम्पिक होते आणि त्यांचा सराव सुरू होता. पण गुडघ्याच्या दुखापतीने ती आशा संपवली. पोलीस दलांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजवल्या, नव्या मुलांना कुस्तीचे धडे दिले. बढती मात्र कुर्मगतीने आली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले आणि मग निवृत्तिवेतनासाठी त्यांना सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. इशी आणि ममदबेयोव्ह यांच्याशी झुंजताना निदान कोणाशी लढायचे आहे, हे समोर दिसत होते. फायलींच्या ढिगाऱ्याला ढाक कुठून लावणार?

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले. त्या वेळी ज्योत वाहून नेणाऱ्यांत खाशाबांचा समावेश होता. हयातीत त्यांच्या वाट्याला आलेल्या मोजक्या सन्मानांपैकी तो एक. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्यामागे पत्नीलाही शासकीय मदतीसाठी झगडावे लागले.

१९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये ब्राँझपदक मिळवले, तेव्हा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक कोणाचे, असा प्रश्न नव्याने विचारला गेला आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे नाव पुन्हा छापून आले. नव्या पिढीतल्या अनेकांनी ते पहिल्यांदाच वाचले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीगृहाला त्यांचे नाव मिळाले. पद्म पुरस्कार मात्र निधनानंतरच्या चाळीस वर्षांतही मिळाला नाही.  गोळेश्वरात त्यांच्या नावे कुस्ती संकुल उभे राहावे, ही मागणीही वर्षानुवर्षे रेंगाळली. २०१७ मध्ये तर संकुलाच्या निधीसाठी पदकाचाच लिलाव करण्याची तयारी कुटुंबाने जाहीर केली, तेव्हा कुठे त्या मागणीची वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दखल घेतली गेली.

कुस्तीत भारताला दुसरे ऑलिम्पिक पदक मिळायला २००८ साल उजाडावे लागले. बीजिंगमध्ये सुशीलकुमारने ते मिळवले. महाराष्ट्राच्या वाट्याला तर दुसरे वैयक्तिक पदक बहात्तर वर्षांनी आले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ पटकावले. तो कोल्हापूर जिल्ह्याचा. खाशाबांचा ५७ किलोंचा फ्रीस्टाइल गट मात्र भारताला पुढे चांगलाच लाभला. २०२१ मध्ये टोकियोत रवी दहियाने याच गटात रौप्य जिंकले आणि पॅरिसमध्ये अमन सेहरावतने ब्राँझ. ब्राँझच्या लढतीआधीच्या रात्री अमनचे वजन साडेचार किलोंहून अधिक वाढलेले आढळले. प्रशिक्षकांनी रात्रभर जागून, त्याला घाम गाळायला लावून ते सकाळपर्यंत उतरवले. सोबत माणसे होती, म्हणून तो काट्यावर ठरल्या वेळी आणि ठरल्या वजनात उभा राहू शकला.

गोळेश्वरात खाशाबांच्या घराला ऑलिम्पिक निवास असे नाव आहे. आणि दरवर्षी १५ जानेवारीला, प्रतिमेचा हार बाजूला ठेवून, अमरावतीच्या आणि अकोल्याच्या आखाड्यांतली मुले पुन्हा सरावाला लागतात. त्यांत एखादा पाच फूट पाच इंचांचा असतोच आणि नाव नोंदवायला तो रांगेत उभा असतो.